'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' या ओळीखाली आणखी एक ओळ छापा

तालुका आणि जिल्हा पातळीवर शालेय लेझीम स्पर्धा भरवणाऱ्या संयोजकांना आणि परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला शिक्षक. दिवसभर गणित शिकवतो आणि शाळा सुटली की पटांगणात लेझीम. गेल्या जानेवारीतल्या एका स्पर्धेपासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती तुमच्यापुढे मांडतो. स्पर्धा कोणती, कुणी भरवली, परीक्षक कोण होते, हे मी लिहिणार नाही. गाऱ्हाणं एका स्पर्धेचं नाही. मी आजवर मुलं घेऊन गेलो त्या जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत हेच पाहिलं आहे.

आमच्या वीस मुली होत्या. सराव दिवाळीनंतर सुरू झाला, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. सुटीच्या दिवशी मायसोबत वावरात गेलेल्या मुली दुपारनंतर सरावाला यायच्या तेव्हा बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असायची, आणि त्याच बोटांनी लेझमीची मूठ धरायची. स्पर्धेच्या दिवशी दोन काळी-पिवळ्या करून गेलो. बारा संघ होते. दिवेलागणीला निकाल लागला. पहिला, दुसरा, तिसरा. आमचं नाव त्यात नव्हतं. बाकीच्या नऊ संघांसाठी माइकवरून 'सर्वांनी छान प्रयत्न केला' एवढं एक वाक्य आलं. परतीच्या वाटेवर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपलं काय चुकलं जी?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी संयोजकांना भेटलो. त्यांनी आदराने बसवलं, चहा दिला आणि आमचा आकडा सांगितला: 50 पैकी 36. कुठले 14 गेले, असं विचारल्यावर त्यांनी माहितीपत्रकातल्या शेवटच्या नियमावर बोट ठेवलं. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.'

निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या आलेल्या संघाची लेझीम मी पाहिली होती, ती खरोखर सुरेख होती. पण मी गणिताचा मास्तर आहे. मुलाच्या उत्तरपत्रिकेवर बरोबर-चूक अशी एकही खूण न करता वर नुसतं 36 लिहून दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत येऊन उभा राहील, आणि त्याचं बरोबरच असेल. मग लेझमीच्या पेपरालाच खुणा का नसाव्यात?

या प्रश्नाचं उत्तर मला अशा खेळात सापडलं की जो आमच्या गावात कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे वैशाखात लग्नघरी पाण्याच्या टाकीत टाकायची लादी. त्याच सातवीतल्या मुलीने एकदा भावाच्या मोबाइलवर मला बर्फावरच्या फिगर स्केटिंगचा एक तुकडा दाखवला. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकचा. जपानचा युझुरू हान्यू, 2014 आणि 2018 असं दोनदा सुवर्णपदक घेतलेला, उडी मारतो, हवेत गिरक्या घेतो आणि खाली येताना पडतो. तिचा प्रश्न होता, "सर, हा पडला. तरी बी त्याले मार्क भेटले. काऊन?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी चार-पाच रात्री त्या खेळाचे नियम समजून घेत बसलो. जे कळलं ते तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे.

हान्यूने मारलेल्या उडीचं नाव क्वाड्रपल अ‍ॅक्सेल. अ‍ॅक्सेल ही उडी नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सनच्या नावावर आहे. त्याने ती 1882 साली व्हिएन्नात मारून दाखवली. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घसरत असताना घेतात, ही एकटी समोर तोंड करून घेतात. उतरायचं मात्र पाठमोरंच. म्हणून हिच्यात अर्धी गिरकी जास्त पडते. चार गिरक्यांची अ‍ॅक्सेल म्हणजे खरं तर साडेचार. त्या वेळच्या तक्त्यात हिची मूळ किंमत होती 12.50 गुण, सगळ्या उड्यांत सर्वांत जास्त. हान्यूची गिरकी थोडी कमी भरली. किती कमी, हेही मोजतात. आम्ही ते भाकरीवर समजून घेतलं. चतकोरापेक्षा कमी राहिली तर माफ. बरोबर चतकोर राहिली तर किंमत तीच, पण सफाईचे गुण घटतात. चतकोरापेक्षा जास्त आणि अर्धीपेक्षा कमी राहिली, तर किमतीचे 80 टक्केच मिळतात. अर्धी किंवा त्याहून जास्त राहिली, तर एक गिरकी कमी असलेल्या उडीची किंमत धरतात. हान्यूची उडी तिसऱ्या प्रकारात बसली. 12.50 चे 80 टक्के म्हणजे 10. नंतर सफाई. प्रत्येक परीक्षक वजा 5 ते अधिक 5 अशा पट्टीवर खूण करतो आणि प्रत्येक पायरी किमतीच्या दहा टक्क्यांची असते. पडल्यामुळे वजा 5, म्हणजे 10 मधले 5 गेले. राहिले 5. शिवाय पडल्याचा 1 गुण एकूण बेरजेतून वेगळा वजा.

मुलीला मी फळ्यावर हे गणित करून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्याले मालूम हाय, का कोनचा मार्क कुठी गेला." बस, माझं म्हणणं एवढंच आहे. तो पदकाविना चौथा राहिला. ती उडी स्पर्धेत साफ उतरवून दाखवायला पुढे सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेचा सतरा वर्षांचा इलिया मॅलिनिन यावा लागला. पण हान्यूच्या हातात त्याच दिवशी कागद होता: काय केलं, किती कमी पडलं, कसं दिसलं, पडल्याचे किती गेले. चारही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत आणि रकान्यांत.

असा कागद निघतो, कारण त्या खेळात प्रत्येक गोष्टीला नाव आहे. उड्यांचे प्रकार सहा: टो लूप, साल्कोव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सेल. साल्कोव स्वीडनच्या उलरिच साल्कोवची, जो 1908 साली पुरुषांमध्ये या खेळातला पहिला ऑलिम्पिक विजेता ठरला. लुट्झ ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झची. लूपला युरोपात अजून कित्येक जण जर्मनीच्या रिटबर्गरच्या नावाने ओळखतात. ज्याने पहिल्यांदा केलं त्याचं नाव खेळाने जपून ठेवलं आहे.

आता फ्लिप आणि लुट्झ यांतला फरक बघा. त्यासाठी स्केटच्या पात्याची रचना माहीत हवी. पातं वरून पाहिलं तर बारीक पट्टी दिसते, पण खालच्या बाजूने त्याला मधोमध उथळ खोबण असते आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोन धारा. एक पायाच्या आतल्या अंगाची, दुसरी बाहेरच्या अंगाची. पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतात. फ्लिप आणि लुट्झ दोन्ही उड्यांत खेळाडू पाठमोरा येतो आणि दुसऱ्या पायाचे दात बर्फात रोवून उडतो. फरक एवढाच, की फ्लिप आतल्या धारेवरून घ्यायची आणि लुट्झ बाहेरच्या. बाहेरच्या धारेवर आलं की वळण एका बाजूचं आणि गिरकी दुसऱ्या बाजूची होते, म्हणून लुट्झ जड. मी पटांगणातल्या सिमेंटच्या ओट्यावर खडूने दोन वळणं काढली आणि मुलींना अनवाणी पायांनी मागे मागे चालायला लावलं. एकदा तळव्याच्या आतल्या कडेवर भार देऊन, एकदा बाहेरच्या. बाहेरच्या कडेवर तिसऱ्या पावलालाच तोल जायचा. दोन बोटांच्या त्या कलण्यासाठी तीन गिरक्यांच्या फ्लिपला 5.30 आणि लुट्झला 5.90 गुण होते. लुट्झ घेताना पाय चुकून आतल्या धारेवर आला, तर उडीपुढे चुकीच्या धारेची खूण पडते आणि गुण कमी होतात. ही खूण करणारे लोकही वेगळे. उडी कोणती झाली, गिरकी पुरी झाली का, धार बरोबर होती का, हे तांत्रिक पथक ठरवतं, शंका आली तर चित्रफीत पुन्हा पाहून. कशी झाली, हे नऊ परीक्षक सांगतात. त्या नऊ खुणांतली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची काढून टाकतात आणि उरलेल्या सातांची सरासरी घेतात.

लेझमीला नावं नाहीत असं नाही. चार आवाज, एक जागा, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. आपल्या आधीच्या मास्तरांनी ही नावं घालून ठेवली आणि आजही आम्ही ती ओरडूनच हुकूम देतो. विदर्भाला प्रात्यक्षिकांची परंपरा शिकवायला कुणी नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे दाखवले होते. पण तुमच्या गुणपत्रिकेवर यातलं एकही नाव नसतं. तिथे असतं 'वेशभूषा, ताल, शिस्त, सादरीकरण, एकूण परिणाम'. मुली करतात आगे फलांग आणि त्यांना गुण मिळतात एकूण परिणामाचे.

तुम्ही म्हणाल, हे परदेशी खेळाचं कौतुक झालं. कौतुक नाही, त्यांचाही एके काळी मोठा घोळ झाला होता. पूर्वी फिगर स्केटिंगमध्ये 6 पैकी गुण द्यायचे: तांत्रिक बाजूचा एक आकडा, सादरीकरणाचा एक. त्या आकड्यांवरून प्रत्येक परीक्षक आपला क्रम लावायचा आणि क्रमांवरून निकाल लागायचा. 2002 साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियाची बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे जोडी पाच विरुद्ध चार अशा मतांनी पहिली आली. सिखारुलिद्झेचा एका उडीनंतर पाय डगमगला होता, आणि कॅनडाची साले-पेलेटिए जोडी चुकीशिवाय स्केटिंग करून गेली होती. प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला. पुढे फ्रान्सच्या परीक्षिकेने आपल्यावर दबाव होता असं सांगितल्याचं बाहेर आलं आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जुनी पद्धत मोडीत काढली आणि 2004 मध्ये एकेका घटकाला गुण देण्याची पद्धत स्वीकारली.

हे वाचताना मला एक गोष्ट आतून टोचली. मी स्वतः तीनदा परीक्षक म्हणून बसलो आहे. पहिला संघ आला की मी 50 पैकी 35-36 लिहायचो, कितीही चांगला असला तरी. कारण पुढचे अकरा बघायचे असत आणि त्यांच्यासाठी जागा ठेवायची असे. चिठ्ठीत ज्याचा पहिला नंबर निघाला त्या संघातल्या मुलांचं मी नुकसान केलं, आणि हे मला तेव्हा कळलंही नाही. त्या 6 गुणांच्या पद्धतीतही अगदी हेच होत असे; सुरुवातीला येणाऱ्याला परीक्षक हात राखून गुण देत. म्हणजे खोट माझ्या किंवा तुमच्या नियतीत नाही. पुढच्याशी तुलना करूनच ज्यात आकडा लिहिता येतो, त्या पद्धतीत ती आहे. आगे फलांग पाच गुणांची असं आधीच ठरलेलं असेल, तर पहिल्या संघालाही पाच आणि बाराव्यालाही पाच.

नव्या पद्धतीतही त्यांनी एक चूक केली, आणि ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कोणत्या परीक्षकाने कोणता गुण दिला हे त्यांनी झाकून ठेवलं. वर्षानुवर्षं लोकांनी विचारलं, की नाव झाकल्यावर विश्वास कसा ठेवायचा? अखेर 2016 मध्ये संघटनेने ही गुप्तता रद्द केली. आता कागदावर नऊ रकाने असतात आणि कोणता रकाना कुणाचा हे कळतं. आपल्याकडे कुणी म्हणेल, की गावखेड्यात नावं उघडी केली तर भांडणं होतील. भांडणं आजही होतात, फक्त ती पारावर होतात आणि तिथे परीक्षकाची बाजू मांडायला कागद नसतो. ज्या मास्तरने प्रामाणिकपणे गुण दिले, त्याच्यावर 'आपल्या भाच्याच्या शाळेला दिलं' असा आरोप झाला, तर तो काय दाखवणार?

आणि त्या ओळीबद्दल, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील'. फिगर स्केटिंगमध्येही तो अंतिमच आहे. परीक्षकाने वजा 2 दिले ते वजा 1 हवे होते, अशी तक्रार तिथे घेतच नाहीत. बेरजेत चूक असेल तर तेवढी दुरुस्त होते. म्हणजे निर्णय अंतिम असणं आणि तो उघडा असणं, या दोन गोष्टी एकत्र नांदतात. आपण अंतिम या शब्दाचा अर्थ झाकलेला असा करून बसलो आहोत. मी तुमचा अधिकार मागत नाही. तुमचा कागद मागतो आहे.

नियम उघडे असले की ते सुधारताही येतात. 1982 साली अमेरिकेची इलेन झायाक विश्वविजेती झाली तेव्हा तिने एकाच प्रकारची तीन गिरक्यांची उडी, टो लूप, चार वेळा मारली. नियमात बसत होतं. लगेच नियम आला, की तीच उडी अशी पुन्हा पुन्हा मारून गुण मिळणार नाहीत. त्या नियमाला आजही झायाकचंच नाव लावतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना, पाय थकलेले असतात म्हणून, दहा टक्के जास्त मिळत. 2018 मध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवाने मुख्य कार्यक्रमातल्या सगळ्याच उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि ऑलिम्पिक जिंकलं. तिला कुणी अपात्र ठरवलं नाही. पुढच्या हंगामापासून मुख्य कार्यक्रमात फक्त शेवटच्या तीन उड्यांनाच ही वाढ द्यायची असं ठरलं. आपल्याकडे एखाद्या संघाने मनोरे रचून गुण नेले, की पुढच्या वर्षी बाराही संघ मनोरे रचतात आणि लेझीम बाजूला पडते. मनोऱ्याला किती आणि पवित्र्याला किती हे कागदावर असतं, तर ते बदलताही आलं असतं.

सगळंच मोजता येत नाही, ही शंका मला अनेकांनी बोलून दाखवली. एकसंधपणा, चेहऱ्यावरचा आनंद, ढोलकीशी जुळलेला जीव, हे कसं मोजणार? त्यांनी त्यासाठी वेगळी जागा ठेवली आहे. घटकांचे गुण एका बाजूला आणि रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य यांचे दुसऱ्या बाजूला, 10 पैकी, पाव-पाव गुणाच्या फरकाने. दोन्हींची बेरीज होते, पण एक दुसऱ्याला गिळत नाही. आपला 'एकूण परिणाम' खुशाल ठेवा. त्याच्या पोटात आगे फलांग जाऊ देऊ नका.

आम्ही हे आमच्या पटांगणात करून पाहिलं. मुलींनीच तक्ता बनवला. कशाला किती गुण यावर दोन दिवस वाद झाला. चार आवाजाला 2, पवित्र्याला 3, दो रुखाला 3, आगे फलांगला 5 आणि पीछे फलांगला 6, कारण मागे उडी घेताना पाय कुठे पडणार हे दिसत नाही. हे कारण मुलींनी स्वतः शोधलं. मग दहा जणी खेळल्या, तिघी तांत्रिक पथक झाल्या, पाच जणी परीक्षक. पाचांतला वरचा आणि खालचा गुण काढून टाकायचा हेही त्यांनी पाळलं. तांत्रिक पथकातल्या एकीला मी डोळे मिटून उभं केलं आणि सांगितलं, नुसतं ऐक. आगे फलांगच्या वेळी ती म्हणाली, "सर, झणकार दोनदा येते." आम्ही मोबाइलवर घेतलेलं चित्रण थांबवत थांबवत पाहिलं. मागच्या रांगेतल्या डावीकडच्या तीन मुली बाकीच्यांच्या पाठोपाठ जमिनीवर येत होत्या. फार नाही, डोळ्याला कळणार नाही इतक्याच उशिरा. पण दहा लेझमींचा एक आवाज फुटून दोन व्हायला तेवढं पुरतं. ढोलकी उजव्या टोकाला होती, त्या मुलींना ठोका नीट ऐकू येत नव्हता आणि त्या पुढच्या मुलींच्या पायांकडे बघून उडत होत्या. ढोलकीवाल्याला मधे उभं केलं. दुसऱ्या दिवशी झणकार एक झाली.

जानेवारीतही आमची ढोलकी उजव्या टोकालाच होती. ते 14 गुण तिथे गेले का, मी सांगू शकत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी कानाला ती फुटलेली झणकार तेव्हा नक्की जाणवली असेल. तुम्ही ती एका शब्दात लिहून दिली असती, तर त्या मुलींना ती सात महिने आधी कळली असती, आणि त्यांतल्या ज्या आठवीनंतर दुसऱ्या शाळेत गेल्या त्यांनाही कळली असती.

परीक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. तुम्हीही शिक्षकच आहात, दिवसभर उन्हात खुर्चीवर बसता, जेवण तीन वाजता येतं, मानधन नसतं, आणि संध्याकाळी शेवटची गाडी चुकू नये म्हणून निकाल घाईत लावावा लागतो. म्हणून ऑलिम्पिकसारखे कॅमेरे आणि संगणक मी मागत नाही. मागणी दोन कागदांची आहे. पहिला कागद स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळ्या शाळांना मिळावा: कोणते प्रकार धरले जातील, प्रत्येकाची किंमत किती, कोणत्या चुकीला किती वजा. दुसरा कागद निकालाच्या वेळी प्रत्येक संघाला मिळावा, फक्त पहिल्या तिघांना नाही: तुमच्या प्रत्येक प्रकाराला किती मिळाले, कुणी दिले, आणि समास असेल तिथे एखादा शब्द. कार्बन लावून लिहिलं तरी चालेल. मोबाइलवर फोटो काढून घेऊ दिला तरी चालेल. आणि माहितीपत्रकात शेवटच्या नियमाखाली ही ओळ छापा: 'प्रत्येक संघाला त्याच दिवशी त्याचे संपूर्ण गुणपत्रक मिळेल.'

येत्या स्पर्धेच्या नियमावलीची बैठक दिवाळीआधी होईल असं कळलं. मला बोलावलंत तर मी कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा घेऊन येईन आणि बेरजा करायलाही बसेन; ज्या दिवशी माझी शाळा खेळत असेल तो दिवस सोडून.

पत्रासोबत आमच्या पटांगणातल्या त्या दिवसाचा तक्ता जोडत आहे. पाचवीपासून सातवीपर्यंतच्या मुलींनी भरला आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. आगे फलांगच्या ओळीत तीन मुलींच्या नावापुढे वजा 2 दिसतील आणि समासात 'ढोल आयकू येत नाही' असं लिहिलेलं. त्या तिघींपैकी एकीनेच ते स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

आपला,
आर्वी तालुक्यातला एक शिक्षक